पाहुण्यांसमोर ठरलेली घरपट्टी

रविवार, १९ जानेवारी २०२५

आज आलेलं सामान: पोहे दोन किलो, एकशे दहा. शेंगदाणे अर्धा किलो, सत्तर. साखर एक किलो, पंचेचाळीस. बिस्किटाचे पुडे सहा, साठ. पांढऱ्या रंगाचा डबा एक, समोरच्या भिंतीपुरता, पाचशे ऐंशी. काचेचे पेले सहा, दोनशे दहा. मंडपवाल्याच्या खुर्च्या आठ, भाडं ऐंशी. लेकीला साडी माझीच नेसवली, तिचा खर्च नाही. देवापुढचा नारळ पस्तीस. एकूण अकराशे नव्वद. पेले पुढेही कामाला येतील.

सायलीला बघायला परळीची मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील, आई ताराबाई आणि ताराबाईंचे सख्खे भाऊ, म्हणजे आमच्याच गावचे सरपंच भगवानराव. स्थळ त्यांनीच सुचवलेलं. हार्डवेअरचं दुकान आहे, मुलगा निर्व्यसनी आहे. मुलाचं नाव अमरसिंह.

पोहे वाटत होते तेवढ्यात घरपट्टीच्या मोजणीचा माणूस दारात आला. ह्या खेपेला पंचायतीनं ते काम बाहेरच्या एजन्सीला दिलंय. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. हे म्हणाले, "नंतर या." तो म्हणाला, "काका, अर्धं गाव ऊसतोडीला गेलंय. जिथं माणूस सापडतं तिथं उरकतो. दोनच मिनिटं."

मग तिथंच, पाहुण्यांसमोर, विचारू लागला. छत कसलं? हे म्हणाले, "स्लॅब." सगळ्या घराला? ह्यांनी ताराबाईंकडं बघितलं. "सगळ्याच म्हणा की." फरशी? "टाइल्स." न्हाणी? "घरातच हाय, बाहेर कुटं असती व्हय?" त्यानं किंमत विचारलीच नव्हती, तरी हे हसून म्हणाले, "पंचवीस लाख तर कुनीबी देईल." त्यानं सही मागितली. ह्यांनी ऐटीत केली.

स्लॅब पुढच्या एका खोलीला आहे. मागच्या दोन्ही खोल्यांवर पत्रे. मी पोह्यांची ताटली हातात धरून उंबऱ्यात उभी. काय बोलणार?

जाताना ताराबाई म्हणाल्या, "घर झकास ठिवलंय हो." भगवानरावांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. वैजनाथाच्या कृपेनं सगळं नीट पार पडलं म्हणायचं.


सोमवार, २० जानेवारी

उपवास. साबुदाणा घरातलाच होता.

सायली सकाळी म्हणाली, "आई, घराचं खरं कळलं तर ते लोक परत येतील का गं?" पोरीला घोर लागलाय. मी म्हटलं, "येतील, बाळा. माणसं चांगली हायत." तर ती भांडी घासायला गेली. दिवाळीपासून तिचा बीडचा तलाठी भरतीचा क्लास बंद केलाय. लग्न जमतंय तर फी कशाला, असं हे म्हणाले. मलाही ते पटलं.


सोमवार, १० फेब्रुवारी

पंचायतीच्या भिंतीवर आकारणीची यादी लागली. आमची घरपट्टी सहाशे चाळीस होती, ती दोन हजार आठशे सत्तर झाली. आणि ही एका वर्षाची नाही, चार वर्षं अशीच राहणार.

माझ्याआधी तिथं भिवराबाई उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांचा मुलगा उत्तरेश्वर आणि सून कोल्हापूरकडं ऊस तोडायला गेलेत, घरी ह्या आणि नातवंडं. म्हणाल्या, "वनमाला, माझं बघ गं." बघितलं तर त्यांच्या घराशेजारी एक व्यापारी गाळा लावलेला. शेळ्यांच्या गोठ्याला उत्तरेश्वरनं भंगारातलं जुनं शटर बसवलंय, लांडग्याच्या भीतीनं. मोजणीवाल्यानं रस्त्यावरूनच शटर पाहिलं आणि दुकान लिहिलं.

भिवराबाई म्हणाल्या, "बरं झालं. आता शेरडांस्नी गल्ल्यावर बसवते."

मी हसले. पण घरी आल्यावर मागची पावती काढून दोन्ही आकडे शेजारी मांडले. आत पाऊल न टाकता घराची किंमत लिहिणारा हा कोण?


मंगळवार, ११ फेब्रुवारी

ह्यांना म्हटलं, हरकत देऊ. हे गरम झाले.

"काय लिहिणार? नवरा खोटं बोलला?"

"पत्रे आहेत एवढं लिहिणार."

"पत्रे कुटं पळून चाललेत का? पोरगी एकदा उजवली की मग काढ घराची लाज. भगवानराव मामा हाय त्या पोराचा. आज कागद दिलास तर उद्या परळीला बातमी."

"मग चार वर्षं दुकानदाराएवढी पट्टी भरायची?"

"भरू."

"कशातून?"

ह्यावर हे उठून बाहेर गेले. ह्यांना उत्तर आलं नाही की हे बाहेर जातात. हे वाईट नाहीत. पोरीचं चांगलं व्हावं म्हणूनच तोंडून गेलं ते. पण किंमत ही तोंडून जायची गोष्ट नाही. दुकानातसुद्धा मी ताजव्याचा काटा बघितल्याशिवाय पैसे देत नाही.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

हरकत दिली.

घराच्या उताऱ्यावर ह्यांच्या जोडीला माझंही नाव आहे, म्हणून मला देता आली. काल सायलीनं शिडी लावली, मी टेप धरला. खोल्या मोजल्या, पत्रे मोजले, न्हाणीचा गोणपाट मोजला. पोरगी कधी नव्हे ती गुणगुणत होती. म्हणाली, "आई, स्वच्छ अक्षरात लिहू. सगळ्यांना वाचता यायला पाहिजे." कागदावर तिनं ठळक लिहिलं: मागील दोन खोल्या पत्र्याच्या, जमीन मातीची, न्हाणी उघड्यावर. मी म्हटलं, "उघड्यावर एवढं मोठं कशाला?" तर म्हणाली, "खरं हाय तर राहू दे." शिकलेल्या पोरीचं हे बरं असतं.

ग्रामसेवक कागद वाचून म्हणाले, "काकू, तुमच्या मिस्टरांचीच सही आहे. घरमालकानं सांगितल्यावर एजन्सी काय करणार?"

मी म्हटलं, "त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, साहेब. एजन्सीनं मधल्यामधी ऐकलं."

ते हसले. म्हणाले, "मग कुणाचं धरायचं? मालकाचं धरलं तर मालक कमी सांगतो, हे पहिलंच घर पाहिलं जिथं जास्त सांगितलं. पंचांचं धरलं तर पंच आपल्या माणसाला सोडतात. म्हणून तर बाहेरचा माणूस आणला."

"बाहेरचा बाहेरच राहिला ना पण. उंबऱ्याच्या आत आलाच नाही."

"हरकत एकच आलीय," ते पोच देत म्हणाले. "गावात माणूस कुठंय द्यायला? एकीवर काही होत नसतं. पण ती असेपर्यंत यादी कायम करता येत नाही, एवढं खरं. सुनावणी घ्यावी लागते."

पोच पिशवीत ठेवली. येताना मारुतीच्या पाराला हात जोडले.


रविवार, १६ फेब्रुवारी

हरकतीचं कळल्यापासून हे तीन दिवस जेवताना बोललेले नाहीत. भाजीत मीठ जास्त झालं तरी नाही. ते मुद्दाम टाकलेलं नव्हतं.

झेरॉक्स दोन रुपये.


शनिवार, २२ फेब्रुवारी

आज महिला ग्रामसभा होती. एरवी सात-आठ जणी येतात, सही करतात, चहा पितात. आज बरीच गर्दी झाली. हरकतीची गोष्ट गल्लीतून फिरली होती. सभा शाळेच्या पटांगणात लिंबाखाली. खुर्चीवर भगवानरावांच्या मिसेस सुंदरबाई, शेजारी ग्रामसेवक. भगवानराव बीडला गेले होते, कोर्टाच्या कामाला.

ग्रामसेवक यादी वाचू लागले. सुरुवातीला बाया आपसात बोलत होत्या. भिवराबाईंच्या मुलाचं नाव आलं. निवासी घर एक, व्यापारी गाळा एक. भिवराबाई उठल्या.

"कुटं हाय माझा गाळा? मला दावा. उद्याच किराणा भरते."

"शटर आहे ना, मावशी?"

"हाय की. आत शेरडं हायत. काय इकत्यात ती, लेंड्या?"

सगळ्या हसायला लागल्या. ग्रामसेवकांनीही तोंडावर वही धरली. तेव्हा मी उभी राहिले.

मी म्हटलं, "यादीत दुसऱ्यानं खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. माझ्याच घरात चुकीचं सांगितलं गेलं आणि मी पोह्याची ताटली धरून गप्प राहिले. पण घराची किंमत घराबाहेरून होत नाही. मालकाची जीभ पुढं धावते, पंचांची मागं राहते. गळतं कुठं हे ज्याला माहीत आहे त्यानं सांगावं. आपण एकमेकींच्या चुलीपर्यंत जातो. कुणाच्या खोलीत परात मांडावी लागते ते आपल्याला ठाऊक आहे. आपणच एकमेकींचं सांगू. कुणाला वाईट वाटायला नको म्हणून माझ्यापासून धरा."

मग भिवराबाईच म्हणाल्या, "हिच्या मागच्या खोलीत श्रावणात मी छत्री धरून पोळ्या भाजल्यात."

दुसरी म्हणाली, "न्हाणीला गोणपाट. वारं सुटलं की बाई आतून वरडती, कुनी हाय का म्हणून."

"पुढची भिंत तेवढी झक्क. आत जाऊ नगा."

"टाइल्स हायत, पर एकाच खोलीत. त्याबी दोन रंगाच्या, उरल्यासुरल्या."

माझे कान तापले. इतकं सगळं माहीत असतं बायांना! पण ग्रामसेवक लिहून घेत होते, आणि सगळं खरं होतं. मग एकीनं दुसरीचं सांगितलं, दुसरीनं तिसरीचं. भांडण एकच झालं, एका मोरीवरून, तेही मिटलं. एका बाईचं घर तर यादीपेक्षा चांगलं निघालं. तिनं "व्हय, गेल्या साली स्लॅब टाकला" म्हणून मान्य केलं, तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या.

वाचता वाचता सरपंचांचं नाव आलं. भगवानराव, तळमजला, पत्र्याचे घर.

सुंदरबाई ताडकन म्हणाल्या, "काय म्हनलाव? पत्र्याचं?"

ग्रामसेवक खोकले. "पुढं जाऊ, ताई."

"पुढं कशाला? वरचा मजला कुटं गेला आमचा? जिन्याला राजस्थानचा दगड हाय! खालपासून वरपर्यंत टाइल्स. हाताला चटका बसू नये म्हणून न्हाणीत दोन नळ. पत्र्याचं म्हनं! बाया काय म्हनतील, सरपंचाचं घर पत्र्याचं? ल्ह्या. मी सांगते तसं ल्ह्या."

ग्रामसेवक पेन धरून बसले. सुंदरबाईंनी टेबलावर बोट आपटलं. त्यांनी लिहिलं.

सुंदरबाईंचा खरेपणा पाहून माझा ऊर भरून आला. पदावरच्या माणसाची बायको असून स्वतःहून जास्तीची पट्टी मागून घेतली. असं मोठं मन देव सगळ्यांना देत नाही. मी जाऊन त्यांना हळदीकुंकू लावलं.


सोमवार, २४ फेब्रुवारी

दुपारी भगवानराव घरी आले. चहा नको म्हणाले, मग घेतला.

"वहिनी, लई झालं आता. बायांनी काय बडबड केली ती केली. बोललेलं धरत नसतात. लेखी हरकत तुमची एकटीची. ती मागं घ्या. यादीत तुमच्या पत्र्यांचं मी गुपचूप दुरुस्त करून देतो, कुणाला पत्ता लागणार नाही."

"आणि भिवराबाईंच्या शेळ्यांचं दुकान?"

"तिचा पोरगा येऊ द्या, बघू."

"तो येईल तेव्हा हरकतीची मुदत संपलेली असेल, भाऊजी."

ते ह्यांच्याकडं वळले. "राधाकिशन, यादी कायम झाली की येत्या रविवारी सुपारी फोडू. ताराक्का माझ्या शब्दाबाहेर न्हाई." मग उठता उठता म्हणाले, "आणि न्हाई झाली तरी माझ्या शब्दाबाहेर न्हाई."

हे उंबऱ्यापर्यंत सोडायला गेले. परत येऊन म्हणाले, "कळलं का काय म्हणाले ते?"

"कळलं."

"काहून करतीस असं? तुझ्या एका कागदापायी पोरीचं घर मोडंल."

मी म्हटलं, "माझं एकटीचं घर असतं तर घेतला असता मागं. रात्रीत पत्रे झाकून घेतले असते. पण माझ्या कागदाच्या आडोशाला सगळी गल्ली उभी आहे, आणि अर्धी गल्ली उसाच्या फडात आहे. त्यांना तर माहीतही नाही की त्यांच्या कुलपाची किंमत झाली."

"आणि सायली?"

आतल्या खोलीत सायली सगळं ऐकत होती. मी गेले तर तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, मागं नको घेऊ. माझ्याकडं बघून तर अजिबात नको." डोळे चकाकत होते. काय धीराची पोर आहे! स्वतःचं जमत आलेलं लग्न पणाला लावायला तयार.


बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. एसटीनं परळीला गेले. बाईमाणसाला अर्धं तिकीट, म्हणून सायलीलाही नेलं. रांग पायऱ्यांच्या खाली दूरवर. पिंडीवर हात टेकवून विचारलं, देवा, काय करू? देवानं काही सांगितलं नाही. तो सांगत नसतो. पण हात टेकवला तेव्हा मनात हरकत मागं घ्यायचा विचार एकदाही आला नाही, हे मी मोजून सांगते.

परतताना ताराबाईंचं दुकान रस्त्यात होतं. पाट्यांवर वीज केंद्राच्या राखेचा थर. अमरसिंह गल्ल्यावर बसला होता, मोबाईल बघत. सायलीनं मान वळवून दुसरीकडं केली. लाज वाटली असेल. संबंध ठरलेला नसताना त्यांच्या घरी पाणी पिणं बरं दिसत नाही, म्हणून आम्ही थांबलो नाही. स्टँडवर तिनं पन्नास रुपयांचं भरतीचं पुस्तक घेतलं, जुनं. मी रागावले नाही. मन रमेल.


शनिवार, १ मार्च

सुनावणीची नोटीस आली. तालुक्याहून अधिकारी येणार, घरात येऊन पाहणार, आणि गल्लीतल्या दोन बाया पंच म्हणून घेणार. ग्रामसेवकांनी माझ्या हरकतीला महिला सभेचा ठराव लावून पाठवला होता. मला वाटलं नव्हतं. भेटले तेव्हा इकडंतिकडं बघून म्हणाले, "माझी बदली झाली, काकू. जाता जाता एक काम सरळ केलं." कुठं बदली, विचारलं तर हसले नुसते.

संध्याकाळी निरोप आला, उद्याची सुपारी होणार नाही. निरोप आणणाऱ्यानं कारण सांगितलं नाही. ताराबाईंचा स्वतःचा फोन आला नाही, चिठ्ठी नाही. भगवानराव सांगतील ते त्यांचं मत, असं कसं? बाईनं आमच्या ओसरीवर बसून पोहे खाल्ले, घराला चांगलं म्हटलं. तिचं काय ते तिनं सांगावं.

हे भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी म्हटलं, "मी ताराबाईंना लिहिते."


रविवार, २ मार्च

पत्र लिहिलं. ह्यांना वाचून दाखवलं. हे उठून बसले, सगळं ऐकलं. मला वाटलं फाडतील. म्हणाले, "परळीचा पिनकोड टाकला का? न्हाई टाकला तर फिरत बसतंय." आणि स्वतःच सांगितला.

सायली म्हणते, "आई, मी आत्ताच जाऊन शेजारच्या नांदूरघाटच्या पेटीत टाकते, उद्यावर नको." मी म्हटलं, "आज रविवार, पेटी उद्याच उघडणार." तरी चप्पल घालून तयार. लग्नाची एवढी घाई पोरीला कधी झाली, माझ्या लक्षातच आलं नाही. पत्राची नक्कल इथं ठेवते.

सौ. ताराबाई यांना नमस्कार. तुम्ही आमच्याकडं आलात तेव्हा घराबद्दल जे ऐकलंत ते बरोबर नव्हतं. तुमचा मान ठेवायला ह्यांच्या तोंडून गेलं. आमच्या दोन खोल्या पत्र्याच्या आहेत, जमीन मातीची आहे. हे मी ग्रामपंचायतीत लेखी दिलं आहे आणि तो कागद मी मागं घेणार नाही. तुमच्या भावांनी सांगूनही नाही. त्यापायी त्यांना त्रास झाला असेल तर तो त्यांच्या घराच्या मोजणीचा आहे, आमच्या नव्हे.

आमच्या घराची किंमत तालुक्याचे साहेब आणि गल्लीतल्या दोन बाया ठरवतील. त्यात सायली नाही. तिची किंमत करायला आम्ही कुणालाच बसवलेलं नाही, तुम्हालाही नाही. तुम्हाला ती हवी असेल तर दुपारी या, पत्रे तापलेले असताना, आणि मागच्या खोलीत माझ्याशेजारी बसून जेवा. सायलीनं एक लिहायला सांगितलं आहे, ते लिहिते: तिला भरतीची परीक्षा द्यायची आहे, आणि परीक्षेआधी ती कोणतीही तारीख धरणार नाही. मी कारण विचारलं नाही. जी पोर कधी काही मागत नाही ती मागते तेव्हा द्यावं, असं मला वाटलं.

होय असेल तर होय लिहा, नाही असेल तर नाही. कुणाच्या तोंडी निरोप पाठवू नका, मी तो धरणार नाही. सोबत पत्ता लिहिलेलं पाकीट ठेवलं आहे, तिकीट लावून. तुमच्या स्वतःच्या हातानं चार ओळी लिहा आणि उलट टपाली पाठवून द्या.